कमरेला कोणतं बरं?

मंगळवारी दुपारी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकमध्ये माझ्यामुळे एक अख्खी बस रिकामी झाली. विसरायच्या आत लिहून टाकतो...

मी नागपूरला पोलिसात होतो, बरीच वर्षं साध्या वेशात. शर्टाखाली उजव्या कमरेला सरकारी पिस्तूल. खरं तर मी वर्गात उभा राहून कविता म्हणणारा मुलगा. खांद्याला कवींची शबनम पिशवी शोभली असती... कमरेला भलतंच आलं. आता इथे लेकीकडे असतो.

माझा पुतण्या समीर अमेरिकेत आहे. त्याच्या शेजारच्या घरात चोर शिरले, तेव्हापासून पठ्ठ्यानं पिस्तूल घ्यायचं मनात घेतलंय. त्याच्या गावात ते रीतसर मिळतं, लपवून फिरताही येतं म्हणे. सोमवारी त्याच्या बायकोचा, केतकीचा मेसेज आला. "काका, मला ते घरात नकोय. माझं तो ऐकत नाही. प्लीज, तुम्ही नाही म्हणा."

आणि मंगळवारी मी बसमध्ये असतानाच समीरचा व्हिडिओ कॉल. शेजारी केतकी गप्प बसलेली. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "काका, आपल्या घरात यातले एक्स्पर्ट तुम्हीच. कमरेला कोणतं बरं? मोठं की छोटं?"

विरघळलो हो... रिटायर झाल्यापासून इतकं मन लावून मला कुणी काही विचारलं नव्हतं.

मग काय, सुटलोच. "लांबीचं सोड, आधी जाडी बघ. रिव्हॉल्व्हरचं ते गोल चक्र हाडावर बसतं, दिवसभर छळतं. चपटं पिस्तूल बरं."

"आणि नळी लांब असली तर?"

"उभा आहेस तोवर गुमान असते. खुर्चीत बसलास की जांघेत टोचते. मूठ लांब असली तर वाकल्यावर शर्टाला टेंगूळ येतं. बरगडीत घुसते ते वेगळंच."

"मग एकदम छोटंच घेऊ?"

"छोट्याला मूठ कुठे असते, गाढवा! करंगळी हवेत लटकते."

वर स्वेटर उचलून कमरेवर थापट्या मारून दाखवलं. इथे नाही... हाडाच्या जरा मागे... इथे.

आपण मराठीत बोलतोय, कुणाला काय कळणार, हा आपला इथला लाडका भ्रम. याच भरवशावर आपण बसमध्ये सासूपासून सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार करतो. पण माझ्या मराठीत 'पिस्तूल' होतं, 'रिव्हॉल्व्हर' होतं... समोरच्या सीटवरच्या बाईंना तेवढं पुरलं. स्वेटरखाली काळा जाड पट्टाही दिसला असणार. तो माझ्या कंबरदुखीचा.

बाई उठून ड्रायव्हरकडे गेल्या. थोड्या वेळानं बस थांबली. बिघाड आहे, उतरा, असं ड्रायव्हर म्हणाला असावा. माझे कान मंद, त्यात डोकं फोनमध्ये... मला पत्ताच नाही.

पहिल्यांदा केतकीच बोलली. "काका, तुमच्या मागच्या सगळ्या सीट रिकाम्या का दिसतायत?"

मान वर केली. दारात लांब बंदुका घेतलेले दोन पोलीस. त्यांच्या बाजूला एक तरुण पोलीसबाई, मला हात वर करायला सांगत होती.

केले. फोन सीटवर उताणा पडला. आयुष्यभर दुसऱ्यांना हात वर करायला लावले. आपले वर गेल्यावर कळतं, बोटांनाही वजन असतं. मनात शाळेतला भुजंगप्रयात सुरू झाला... लगागा लगागा... घाबरलो की मी वृत्त मोजतो. पाळतीवर असतानाही हाच चाळा होता.

झडतीत पट्टा निघाला. खिशात गोळ्या निघाल्या, रक्तदाबाच्या. मी नोकरी, पुतण्या, अमेरिका, सगळं सांगितलं. बंदुका खाली झाल्या. पोलीसबाईनं नाव-पत्ता घेतला, पाणी दिलं, आणि मी जरा सावरल्यावर हसून विचारलं, "मग सर, सगळ्यात आरामाचं कुठलं होतं?"

मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "डे ऑफ."

तिला नीट कळेना. मग माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. पिस्तूल जमा केलं की त्याच दिवशी मी नीट बसायचो. एरवी बाजारात कुणाचा धक्का लागला तरी, कोण हा? लेक लहान होती, पळत येऊन मिठी मारायची... मी वळून तिला डावी बाजू द्यायचो. नेहमी डावीच. तिला वाटायचं, बाबा असेच उभे राहतात.

तिनं घरी सोडू का, एवढंच विचारलं.

फोन उचलला तर कॉल चालूच! समीरचा चेहरा पांढरा. "काका, ठीक आहात ना?" म्हटलं, "हो रे." "ठेवतो मग," म्हणाला आणि ठेवला. माझं 'नाही' राहूनच गेलं. संध्याकाळभर हॉल ते किचन येरझारा... लेक शेवटी वैतागली, "बाबा, बसा हो एका जागी!"

बुधवारी केतकीचा मेसेज आला. 'समीरनं दुकानातली अपॉइंटमेंट कॅन्सल केली. काल तुमचं ते डाव्या बाजूचं आम्हाला सगळं ऐकू आलं. थँक यू, काका.'

पण आभार मानायचे ते समोरच्या सीटवरच्या त्या बाईंचे. बाई, तुम्हाला मराठी येत नव्हतं ते किती बरं झालं! येत असतं तर 'म्हातारा गप्पा हाणतोय' म्हणून तुम्ही स्वस्थ बसला असता... आणि माझा स्टॉप येईपर्यंत मी पोराला साइज निवडून देऊन मोकळा झालो असतो.