नकाशावरची मरून टिकली

जानेवारीतला दुसरा शनिवार, सकाळी साडेआठ. स्थळ – मानवत, आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाचं सभागृह. हजर : मी (विषय भूगोल, शिवाय जे काम कुणाचंच नसतं त्याची समन्वयक), प्राचार्य सर, शिपाई बाबुराव, अकरावीची ऋतुजा आणि तिच्या वर्गातली बावीस मुलं, निवृत्त नकाशाकार कांबळेकाका – वय एक्याऐंशी – आणि त्यांची सून संगीता. निमित्त – नकाशांचं प्रदर्शन. चौदा नकाशे व्यावसायिक नकाशाकारांचे, चाळीस विद्यार्थ्यांचे.

यादीने सुरुवात केली, कारण मला दुसरं काही येत नाही. भुताखेतांचं तर अजिबातच नाही. मांजर आडवं गेलं तर मी थांबते, पण ते गाडीखाली येऊ नये म्हणून. या सदरातले अनुभव मी वाचते आणि प्रत्येकाखाली मनात 'गॅस' किंवा 'अपुरी झोप' असं लिहून मोकळी होते. तर आता माझ्या अनुभवाखाली काय लिहायचं, ते तुम्ही सांगा.

प्रदर्शनाच्या दाराशी मी सभागृहाचा आराखडा लावला होता. ड्रॉइंग पेपरवर, पट्टीने काढलेला – स्टेज, टेबलं, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह. 'आपण येथे आहात' साठी लाल ठिपका हवा होता आणि लाल स्केचपेन नेमकं वाळलेलं. म्हणून पर्समधल्या पाकिटातली एक टिकली काढून दाराच्या जागी चिकटवली. मरून, मध्यम आकाराची. पाकिटात उरल्या अकरा. हा आकडा लक्षात ठेवा.

काका आले तेव्हा संगीताने मला बाजूला घेतलं. "मॅडम, बाबाला इंजेक्शन देऊन आणलंय. अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे बघा. न्हाईतर शुगर एकदम खाली जाती. मागच्या महिन्यात अंगणातच पडले होते, बोलणं बंद."

मी लगेच यादीत लिहिलं : 'काका – पोहे – नऊ वाजता.' बरोबर नऊ वाजता काकांच्या हातात पोह्यांची प्लेट दिली आणि यादीवर खूण केली. माझी चूक इथे झाली. प्लेट हातात देणं आणि पोहे पोटात जाणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत. मी ती एकाच ओळीत लिहिली होती.

पण त्याआधीचं सांगायला हवं. पावणेनऊला मला स्टोअररूमची किल्ली हवी होती आणि बाबुराव कुठेच नव्हता. शोधत दाराशी आले, तर टिकली आराखड्यावर स्टेजच्या चौकोनात! पोरांचे उद्योग, असं म्हणून मी ती उचलून परत जागेवर लावली. मग स्टेजचा पडदा नीट करायला गेले, तर पडद्यामागे सतरंजीवर बाबुराव.

"बाबुराव! झोपलात?"

"झोपतो कशाला मॅडम? पडद्याला टेका देऊन बसलो होतो. वारं लय सुटलंय."

सगळ्या खिडक्या बंद होत्या. असो.

नऊ वाजून दहा मिनिटांनी प्राचार्य सर गायब. समई तयार, नारळ तयार, पाहुणे पाच मिनिटांवर. मी पुन्हा दाराशी – आणि टिकली स्वच्छतागृहाच्या चौकोनात. मी चिडून ती परत जागेवर लावत होते, तेवढ्यात स्वच्छतागृहाकडून धाडधाड आवाज आला.

कडी अडकली होती. आतून सरांनी, त्यांच्या सवयीप्रमाणे, सभा सुरू केली.

"मॅडम, उद्घाटन सुरू करू नका!"

"नाही सर."

"पाहुण्यांना सांगा, मी एका महत्त्वाच्या कामात आहे!"

"सर, तुमी जरा दारापासनं लांब व्हा," बाबुराव स्क्रू-ड्रायव्हर घेऊन म्हणाला. "आन् बोलणं बंद करा थोडं. हात हालायलाय माझा."

संगीताही धावत आली, केसांतली पिन काढून कडीत घालायला लागली. ऋतुजाला मी गेटवर पाठवलं – पाहुणे आले तर त्यांना रांगोळी दाखवत बस म्हणून. वीस मिनिटांनी सर बाहेर आले, घामाघूम, पण टाय जागेवर.

आणि मग संगीताची हाक आली. "मॅडम... बाबा?"

खुर्ची रिकामी. खुर्चीवर पोह्यांची प्लेट, वर खोवलेलं खोबरंसुद्धा हललेलं नाही. काकांचा मोबाइल संगीताच्याच पर्समध्ये, चार्जिंगला लावायचा म्हणून घेतलेला. इंजेक्शनला पाऊण तास उलटला होता.

मी कामं वाटली. बाबुराव बसस्टँडवर, मुलं दोन-दोन करून चहाच्या हॉटेलांत, सर फोनवर – वाटेत अडकलेल्या पाहुण्यांना दुपारी या म्हणून सांगायला. संगीता रस्त्याकडे बघत दारातच उभी राहिली. "माझीच जिम्मेदारी होती हो," एवढंच म्हणत राहिली. यादीवरची माझी ती खूण मला दिसत होती. खोडावी तरी कशी...

मी आराखड्याकडे बघितलं. का बघितलं, ते मला विचारू नका. टिकली नव्हती. दाराच्या जागी नाही, कुठेच नाही. खाली फरशीवर शोधली, तिथेही नाही.

ती सापडली समोरच्या भिंतीवर. ऋतुजाच्या नकाशावर.

ऋतुजाचा नकाशा म्हणजे तिच्या गावापासून शेतापर्यंतचा रस्ता. गाव मानवतपासून तीन किलोमीटर, नाव देत नाही. रस्त्यावरची विहीर, ओढा, ओढ्यावरचा छोटा पूल, सगळं तिने सायकलवर फिरून, पावलं मोजून काढलेलं. टिकली त्या पुलावर होती. बरोबर मधोमध.

मी गेटवर पळत गेले. "ऋतुजा, तुझ्या नकाशावर टिकली तू लावलीस?"

"न्हाई मॅडम. मी तर इथंच हाय." मग तिचा चेहरा उतरला. "पण मॅडम, त्या पुलावरूनच काका माझ्याशी लय भांडले. तुमी सरांना शोधायला गेला होतात तवा. म्हणले, पूल विहिरीच्या अलीकडं हाय, माझ्या नकाशात बघ. मी म्हणलं, काका, मी रोज जाती तिथून, पलीकडं हाय. मग म्हणले, जागेवर बघितल्याशिवाय बोलायचं न्हाई..."

पुढचं मी ऐकलं नाही. सरांची गाडी, सर चालवायला, मी, संगीता आणि ऋतुजा. सात मिनिटं लागली. त्यातली दोन मिनिटं म्हशींना दिली.

काका पुलाच्या कठड्यावर बसले होते. अंगातला शर्ट घामाने भिजलेला – जानेवारीत! काठीने धुळीत रेघा ओढणं चालू, आणि तोंडाने आकडे. आकडे चुकत होते. अठ्ठावीसनंतर बारा. संगीताने पर्समधली ग्लुकोजची पुडी फोडून पाण्यात कालवली आणि घोट-घोट पाजली. मी संक्रांतीसाठी घेतलेले तिळाचे लाडू पुढे केले. दहा मिनिटं आम्ही आळीपाळीने काकांना वारा घातला. सरांनीसुद्धा.

मग काकांनी मान वर केली. "इतका उशीर? मी कवाचा बसलोय."

"बाबा, सांगून तर यायचं!" संगीता रडायलाच लागली. "कसे आलात इथवर?"

"रिक्षानं. मंग काय उडत?" मग त्यांनी ऋतुजाला जवळ बोलावलं. "पोरी, तू बरोबर हायस. पूल पलीकडंच हाय. त्या वर्षी मला ताप होता. हा एक तुकडा मी दुसऱ्याच्या टिपणावरून काढला. सगळ्या नोकरीत न बघता मारलेली एकच रेष... आन् तीच चुकली."

दुपारी पोहे खाऊन – मी समोर बसून, शेवटचा घास जाईपर्यंत – काकांनी आपला जुना नकाशा भिंतीवरून उतरवायला लावला आणि बारीक पेनाने पूल दुरुस्त केला. खाली तारीख टाकली, 'दुरुस्ती : कु. ऋतुजाच्या नकाशावरून' असं लिहिलं. ऋतुजा दिवसभर जमिनीवर नव्हती.

आता टिकलीचं. मुलांनी केलं म्हणावं, तर मी कामं वाटली तोवर टिकली दाराच्या जागीच होती, आणि त्यानंतर बावीसच्या बावीस हॉटेलं पालथी घालत होती. मी स्वतःच लावून विसरले म्हणावं, तर पाकीट तपासलं – अकरा. म्हणजे ती तीच टिकली. पाचदा उचटलेली टिकली कपाळावर टिकत नाही, हे कुठलीही बाई सांगेल. ही ड्रॉइंग पेपरवर घट्ट बसलीय. सरांना विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, मी तेव्हा आत होतो." त्यांचं प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर असतं हल्ली.

ऋतुजाचा नकाशा आता विभागीय प्रदर्शनासाठी निवडला गेलाय. नियम स्पष्ट आहे – नकाशावर बाहेरची कोणतीही वस्तू चिकटवलेली चालणार नाही. नकाशा माझ्या कपाटात आहे, मंगळवारी कुरिअरने जायचाय.

अडचण अशी आहे, की काका आता रोज फिरायला जातात. एकटे. रागावून उपयोग नाही. आणि जरा उशीर झाला की संगीताचा फोन येतो. "मॅडम, बाबा अजून आले न्हाईत. तेवढं कपाट उघडून बघता का?" आणि मी – मांजरासाठी गाडी थांबवणारी मी – उठते, किल्ली घेते, कपाट उघडते, आणि फोनवर सांगते, "पुलावरच आहे." आतापर्यंत काका प्रत्येक वेळी पुलावरच सापडलेत. आता तिकडे जाताना खिशात ग्लुकोजची पुडी असते म्हणे.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर कळवावं, पण सोमवार संध्याकाळच्या आत. 'टिकली काढणे' हे काम मी सलग चार दिवस यादीत पुढच्या पानावर ढकललंय. काल तर नख लावलंसुद्धा होतं. तेवढ्यात फोन वाजला.