जांभळा धारेवर आल्यावर

शिवाप्पा मिस्त्री छिन्नीला पाणी द्यायचे ते फक्त दुपारी, घरून भाकरी आल्यावर. सकाळी कुणी छिन्नी पुढे केली तर म्हणायचे, "ठेव तितं. भाकरी येऊ दे की." पन्नास सालच्या आसपासची गोष्ट. उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये मी त्यांच्या शेजारी लेथवर काम करायचो. मी नवखा, मला हा नुसता हट्ट वाटे.

छिन्नीला पाणी देणं म्हणजे सगळा रंगांचा मामला. कडक केलेली धार घासून लख्ख करायची आणि मागच्या अंगाने तापवायची. मग पोलादावर हवेने पातळशी साय धरते. ती जाड होत जाते तसा रंग बदलतो: आधी लिंबासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. जांभळा धारेवर पोचला की लगेच पाण्यात बुडवायची. निळ्यावर गेली तर धार मऊ पडते. "रंग लोखंडाचा न्हाय, सायीचा हाय," मिस्त्री सांगायचे. "खरवडलास की गेला."

भाकरी घेऊन त्यांची बायको गंगव्वा यायची. निपाणीकडची, कानडी बोलणारी. भट्टीजवळ पोत्यावर बसून ती छिन्नीकडे बघत राही आणि मध्येच हळू आवाजात म्हणे, "नेरळे." म्हणजे कानडीत जांभूळ. शब्द निघाला की मिस्त्रींचा हात पाण्यात. मिस्त्रींना आकार दिसत, रंग दिसेनासे झाले होते. मालकाला कळलं असतं तर त्यांना घरीच बसवलं असतं. शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोललं नाही. चेष्टा मात्र चाले.

"मिस्त्री, एखाद्या दिवशी मामी बोललीच न्हाय तर?"

"तिला कधी गप बसल्याली बघितलीस व्हय?"

पुढच्या उन्हाळ्यात गंगव्वा तापाने गेली. काही दिवसांनी मिस्त्री कामावर आले. दुपारी सवयीने भट्टीपुढे बसले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी लेथ बंद करून त्या पोत्यावर जाऊन बसलो. जांभळा धारेवर आला तसा म्हणालो, "नेरळे."

मिस्त्रींचा हात हलला नाही. मी पुन्हा म्हणालो. जांभळा गेला, निळा आला, तोही विटला.

"मिस्त्री, ऐकू आलं न्हाय का?"

"आलं की." त्यांनी सांडशी खाली ठेवली. "तू बरोबर सांगितलंस, गड्या. हात उचलंना. ह्यो अजून तिचीच वाट बघतोय."

मी उठलो. मिस्त्रींनी पोतं झटकलं, नीट घडी घातली, काखेत धरलं आणि भर उन्हात घराकडे चालू लागले. पुन्हा शेडमध्ये आले नाहीत.