दहापैकी नऊ

दहापैकी नऊ मार्क मिळाले की माणूस नापास होतो, हे मला अंधेरीच्या एका गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरीला लागल्यावर कळलं. तोवर माझा समज असा, की नऊ म्हणजे हुशार मुलांची भानगड. मला स्वतःला गणितात कधी चारच्या वर मिळाले नाहीत.

त्याचं असं होतं. गाडी विकली की आठवड्याभरात हेड ऑफिसमधून गिऱ्हाइकाला फोन जायचा. शोरूमवाल्यांनी तुम्हाला कसं वागवलं, दहापैकी किती द्याल? दहा म्हणाले तर पास. नऊ म्हणाले तर शोरूम नापास, आणि ते गिऱ्हाईक जिच्या यादीत ती मुलगीही नापास. ती मुलगी म्हणजे मी. वय एकोणतीस, पण शोरूममध्ये आम्ही सगळ्या मुलीच. माझ्या पदाचं नाव कस्टमर रिलेशन. काम एकच, हेड ऑफिसच्या फोनआधी आपण फोन करायचा आणि गयावया करायची. ‘सर, काही प्रॉब्लेम असेल तर मला सांगा, पण त्यांना दहाच सांगा हां.’ दिवसातून वीस वेळा. भीक मागायचीच, फक्त एसीमध्ये बसून.

शिवाय महिन्याचं बातमीपत्र माझ्या गळ्यात. चार पानं, व्हॉट्सअ‍ॅपवरून सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवायची. भलीमोठी पुठ्ठ्याची चावी धरून हसणारी कुटुंबं, गाडीची निगा कशी राखावी, आणि पहिल्या पानावर मॅनेजरसाहेबांचं मनोगत. साहेबांचं मन काय म्हणतं हे साहेबांना त्यातूनच कळायचं, कारण ते मी लिहायचे. वाचत कोणी नव्हतं. उत्तर आलंच तर हात जोडल्याचं चित्र, नाहीतर ‘प्लीज स्टॉप’.

माझं प्रोबेशन संपत आलं होतं. शेवटच्या महिन्यात एकही नापास नको, नाहीतर कन्फर्मेशन सहा महिने पुढे, असा नियम. मला हुद्द्याचं काही पडलं नव्हतं हो. पण कन्फर्म झालं की आईवडलांचा मेडिक्लेम लागू व्हायचा, आणि आमच्या अप्पांचा गुडघा पार कामातून गेला होता. अप्पा आधी गिरणीत आणि गिरणी बंद पडल्यावर वॉचमन. आयुष्यभर उभे राहिलेले. आम्ही घाटकोपरला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन महिने अप्पा खाली उतरले नव्हते. खिडकीत बसून नाक्यावरच्या दोस्तांशी ओरडून राजकारण बोलायचे. अख्ख्या बिल्डिंगला कोणाचं सरकार येणार ते कळायचं, आणि मला ते ऐकवायचं नाही. डॉक्टर ऑपरेशन म्हणाले होते. सगळं अडलं होतं त्या एका कन्फर्मेशनच्या पत्रावर.

तर अशा महिन्यात बाई आल्या.

बाई पार्ल्याच्या. अडुसष्ट वर्षांच्या, बारीक, पांढरी कॉटनची साडी. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. यजमान गेल्यावर ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं, लायसन्स काढलं आणि आता स्वतःसाठी एक छोटी लाल गाडी घ्यायला निघाल्या होत्या. मुलगी म्हणाली, ‘आई, या वयात? रिक्षा काय वाईट आहे?’ हे बाईंनी मला पहिल्याच फोनवर सांगितलं. असे फोन अकरा झाले. प्रत्येक फोनला प्रश्न वहीत लिहिलेले, आकडे घालून. मला राग चटकन येतो, आई म्हणते मी तोंडाने फटकळ आणि डोक्याने फटाकडी. पण बाईंवर नाही आला. त्यांना डॅशबोर्डवरच्या बटणांचं इंग्रजी झेपेना, तर मी रविवारी घरी बसून मराठीत चिठ्ठ्या करून एकेका बटणावर चिकटवून दिल्या. ‘काच खाली’, ‘काच वर’, ‘हे दाबू नका’.

आणि माझं बातमीपत्र वाचणाऱ्या जगात त्या एकट्या. त्यांचा मेसेज आला: ‘पान दोनवर रोज गाडी धुवा म्हटलं आहे. पान तीनवर पाणी वाचवा म्हटलं आहे. नक्की काय करू?’

डिलिव्हरीच्या दिवशी आमच्याकडे सगळा तमाशा असतो. गाडीवर रेशमी कापड, हार, चाकाखाली लिंबू, आणि कापड ओढलं की सगळ्या स्टाफने टाळ्या वाजवायच्या. बाईंनी कापड ओढलं, टाळ्या झाल्या. बाई वळून म्हणाल्या, “टाळ्या कशाला? मी अजून काहीच केलं नाही.” साहेबांचे हात हवेतच राहिले. गाडी आमच्या ड्रायव्हरने पार्ल्याला नेऊन दिली.

तीन दिवसांनी मी नेहमीचा फोन लावला. “बाई, हेड ऑफिसमधून फोन येईल. त्यांना दहाच सांगा हां, प्लीज.”

“दहाच का?”

“आमच्यात दहाच देतात.”

“आमच्यात नाही देत,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढचं काय सांगायचं? नऊ आले. साहेब कॉम्प्युटरकडे बघून म्हणाले, “नाइन मतलब फेल. वाट लागली तुझी.” मी घरी येऊन सांगितलं तर अप्पा खिडकीतून वळले. “नऊ गावले आणि नापास? ह्यां खयचां गणित गो?” मग जरा थांबून म्हणाले, “जावंदे. माझो गुडघो खंय पळान जाता?” आई स्वयंपाकघरात भांडी जोरात आपटायला लागली. मला रात्रभर रडू येत होतं आणि बाईंचा इतका राग, इतका राग, की काय सांगू.

एक पळवाट होती. नापास झाल्यावर तीन दिवसांत शोरूमने गिऱ्हाइकाची ‘नाराजी दूर’ करायची. मग हेड ऑफिस पुन्हा फोन करतं आणि तो दुसरा आकडा धरतं. साहेबांनी माझ्या हातात मोतीचूर लाडवांचा पुडा आणि डॅशबोर्डवर लावायचा छोटा गणपती दिला. “जा, पाय धर. दहा घेऊनच ये.”

बाईंची बिल्डिंग जुनी, दोन मजली. खाली लाल गाडी कव्हर घालून उभी. कव्हरवर मांजराच्या पावलांचे ठसे आणि चाकांशी वाळका पाला साठलेला. गाडी आल्यापासून इंचभर हललेली नाही हे माझ्यासारख्या गाडी न चालवणारीलाही कळलं.

बाईंनी दार उघडलं, माझ्या हातातला पुडा बघितला. “पेपर तपासायला घेतले की काही पालक असेच यायचे. गणपती ठेवते, त्याला परत पाठवत नाहीत. लाडू घेऊन जा.”

मी पाठ करून आलेलं सगळं विसरले. “बाई, माझा एक मार्क कुठे कापलात तेवढं सांगा.”

बाईंनी टेबलावरची वही ओढली. दोनशे पानी. आतमध्ये तारीख आणि मार्क. बाई सगळ्या जगाला मार्क देत होत्या! दूधवाला सात. केबलवाला तीन. जावई साडेसहा. मी पुढे वाचलं. डिलिव्हरीच्या तारखेला माझं नाव होतं आणि पुढे दहा. त्या दहावर नीट पट्टीने रेघ मारलेली, आणि शेजारी तीन दिवसांनंतरची तारीख घालून नऊ.

“चौतीस वर्षांत मी दहा दिले नाहीत कोणाला,” बाई म्हणाल्या. “तुला दिले होते. त्या चिठ्ठ्यांचे. मग तू फोन करून मागितलेस. मागणाऱ्याचा एक मी कापते. शाळेपासूनचा नियम आहे माझा.”

आता हसावं की टाहो फोडावा? आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला दहापैकी दहा दिले होते, आणि ते माझ्या नोकरीने घालवले. माझं डोकं सटकलंच.

“मग मी काय करू हो बाई? मागायचाच पगार आहे मला! तुमचे नऊ तुमच्या वहीत हुशार असतील, आमच्याकडे नऊ म्हणजे भोपळा. तुमच्या एका मार्कापायी माझ्या बापाचा गुडघा अडकलाय!” मग प्रोबेशन, मेडिक्लेम, तिसरा मजला, खिडकीतलं राजकारण, सगळं भडाभडा बाहेर आलं. शेवटी श्वास घ्यायला थांबले तेव्हा आठवलं आपण कुठे उभे आहोत. “आणि मी मागत नाहीये हां,” मी डोळे पुसत म्हटलं. “नुसतं सांगतेय.”

बाईंनी वही मिटली. आत गेल्या, चहा टाकला. किती वेळ लावला त्या चहाला! बाहेर आल्या तेव्हा कप माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, “ज्या परीक्षेत नऊला नापास करतात ती परीक्षा काढणारा ढ असतो.” मी मान डोलावली. मागायचं नव्हतं म्हणून जीभ दाताखाली धरून बसले. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. हेड ऑफिस.

बाईंनी स्पीकर लावला. पलीकडे एक मुलगी घडाघडा हिंदीत बोलत होती. “मॅम, आपकी शिकायत सॉल्व्ह हुई? आउट ऑफ टेन कितना देंगी?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या गणपतीकडे.

“दस,” बाई म्हणाल्या. “लिखो. दस.”

मग फोनवर हात ठेवून मला दटावलं, “हे तुमच्या कंपनीच्या वहीत. त्यांचं गणितच चुकलंय, त्याला मी काय करणार? माझ्या वहीत तुझे नऊच.”

“चालतील, बाई,” मी म्हटलं. 

पलीकडची मुलगी अजून होतीच. “थँक यू मॅम! अभी मेरे लिए एक मेसेज आएगा, प्लीज मुझे भी टेन दीजिएगा!”

“गेला गं तुझा एक,” बाई म्हणाल्या आणि फोन बंद केला.

मी निघाले. पर्स उचलली, लाडवांचा पुडा उचलला. दारात खाली उभ्या गाडीची आठवण झाली आणि माझ्या फटकळ तोंडाने विचारलंच, “बाई, तुम्ही गाडी चालवलीच नाहीत ना?”

बाईंचा चेहरा एकदम लहान झाला. “शेजारी बसायला कोणी नाही,” त्या म्हणाल्या. “मुलगी बसत नाही. एकटीने पहिल्यांदा काढायची म्हणजे... मला भीती वाटते गं.” चौतीस वर्षं वर्गावर वर्ग गप्प बसवलेली बाई, आणि असं खालच्या आवाजात सांगत होती.

“मला अंधेरीला सोडा,” मी म्हटलं. अप्पांची शपथ, मलाही भीती वाटत होती.

कव्हर काढलं. सीटवरचं प्लास्टिक तसंच होतं. गणपती जागेवर बसवला आणि बाईंनी त्याला नमस्कार केला. मी दोन केले. ‘काच खाली’ दाबून काच खाली केली, आणि निघालो. पार्ल्याच्या गल्लीतून हायवेच्या सर्व्हिस रोडला यायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी चालत शोरूमला जाऊन चहा प्यायले असते. एक रिक्षावाला शेजारी येऊन ओरडला, “ओ आजी, ढकलू का?” बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. मागे हॉर्नचा गदारोळ उठला तेव्हा मात्र आरशात बघून कडक आवाजात म्हणाल्या, “मागच्या बाकांवर गडबड नको.” मी दरवाज्याची कडी दोन्ही हातांनी धरून बसले होते, पण हसू आवरेना.

पुढे माझं पत्र आलं. अप्पांचं ऑपरेशन झालं, आता ते नाक्यावर उभं राहून हळू आवाजात राजकारण बोलतात आणि बिल्डिंगला करमत नाही. पण मला आठवतं ते शोरूमच्या फाटकासमोरचं.

बाईंनी गाडी फुटपाथला लावली, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली. साहेब आणि सगळा स्टाफ काचेतून तोंडं उघडी टाकून बघत होता.  बाई माझ्याकडे वळल्या. चष्म्याआड डोळे भरलेले.

“कशी चालवली गं? सांग ना. किती देशील मला?”

“नऊ,” मी म्हटलं.

“नऊ? कुठेही घासली नाही, एकदाही बंद पडली नाही! एक कुठे गेला?”

“मागितलात ना, बाई.”

बाईंनी चष्मा काढला. मग इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की स्टिअरिंगवर आडव्या झाल्या आणि हॉर्न वाजतच राहिला. आतून सगळा स्टाफ धावत बाहेर आला आणि काय झालंय ते न कळताच, सवयीने, टाळ्या वाजवायला लागला. या वेळी बाईंनी त्या वाजवू दिल्या.