शेठजींची गार मोटार

चार मेकॅनिक एका छपराखाली आले की गाड्या दुरुस्त होवोत न होवोत, किस्से मात्र नखातल्या ग्रीससारखे साठत जातात! आमच्या ठाण्याच्या गॅरेजमधले निम्मे तर एकाच गाडीचे. छप्पन-सत्तावनचा सुमार असेल. शहाडच्या एका कारखानदार शेठजींनी अमेरिकन मोटार आणलेली, एअर कंडिशनवाली! ती गार होईना, म्हणून आमच्याकडे आली.

मालक अप्पांनी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या कडेला पट्ट्यावर फिरणारा एक लोखंडी गड्डा! अप्पांच्या तोंडून 'माहीत नाही' कधी निघालं नाही.

"हा दुसरा डायनमो. मोठ्या लोकांच्या गाडीला दोन लागतात."

ड्रायव्हर चाचरत म्हणाला, "साहेब, ह्याला कॉम्प्रेसर म्हणतात. गार हवा ह्याच्यामुळेच येते."

"मग मी काय म्हणतोय? गार हवेचा डायनमो!"

*

गॅस कुठून गळतो ते बघायला साबणाचा फेस लावायचं ठरलं. माझा जोडीदार धर्मा, बाळकुमचा कोळी, घरून साबण घेऊन आला. फेस फासला आणि पाइपच्या नटापाशी टम्म बुडबुडा! आम्ही आनंदाने ओरडलो, तर दारात धर्माची बायको.

"आरं, माझा वासाचा साबू!"

"अगं, अमेरिकेची मोटार आहे. साध्या साबणाने अंग धुवत नाही ती!"

"मंग आजपासून तिच्याच हातचं जेव!"

*

नट आवळला, मुंबईच्या एका फ्रीजवाल्याने गॅस भरला. अप्पा चाचणीला निघाले. वैशाखातली दुपार आणि गळ्यात मफलर! मी चालवत होतो. बाजारपेठेत कॉम्प्रेसरचा पट्टा सुटला, आत भट्टी पेटली. मी काच खाली करायला गेलो.

"खबरदार! लोक बघतायत!"

घाम नाकावरून टपटपतोय आणि अप्पा ओळखीच्यांना हसून नमस्कार करतायत. परत आल्यावर धर्माने विचारलं, "अप्पा, तळ्यात पडलात?"

"गाढवा, थंडीत दव पडतं!"

*

नवा पट्टा बसला आणि गाडी खरंच गार पडली. मग चाचणीला इंजिन चालू ठेवलं की शेजारचे रिटायर्ड जोशी मास्तर रोज दुपारी पेपर घेऊन मागच्या सीटवर! "कॉम्प्रेसरचा आवाज येतो का, ते तपासतोय," म्हणायचे.

एकदा दार उघडलं तर मास्तर ढाराढूर घोरतायत. हलवून उठवलं.

"आवाज फार येतोय रे," मास्तर म्हणाले, "बदलून टाका!"

*

गाडी परत द्यायच्या आधी एक लांबची चाचणी बाकी होती. धर्माच्या बहिणीचा साखरपुडा मानपाड्याला. "नुसती हवा कशाला फिरवायची?" म्हणत त्याने टोपलीभर मावरं मागे ठेवलं. भर उन्हातून गेलो, पण मासळी उतरवली ती अगदी ताजी!

गाडी परत दिली, तर आठवड्याने शेठजी ती घेऊन पुन्हा हजर. सोबत शेठाणी, नाकाला पदर. त्यांच्या घरात कांदासुद्धा चालत नसे.

"गाडी गार होते," शेठाणी म्हणाल्या, "पण हा वास कसला?"

आमची पाचावर धारण बसली! एवढं मोठं गिऱ्हाईक, बोभाटा झाला तर गॅरेजला टाळंच. धर्मा तर गाडीमागे लपला. अप्पांनी शांतपणे बॉनेट उघडलं, कॉम्प्रेसरवर टॉर्च मारला.

"नवीन गॅस आहे, बाई. खाडीच्या हवेत भरला ना, थोडे दिवस वास येणारच."

शेठाणी लांब जाऊन उभ्या राहिल्या. शेठजी मात्र बॉनेटखाली अप्पांच्या खांद्याला खांदा लावून वाकले. कॉम्प्रेसर नीट न्याहाळला. मग एकदा मागे वळून पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि हळूच विचारलं,

"पापलेट की हलवा?"