सात अध्यक्षांची मेथी

लातूरला आमच्या शाळेमागे परसबाग करायची आणि तिथे सातवीच्या पोरांना नेतृत्व आणि सेवा शिकवायची, ही कल्पना माझीच. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. सेवा अशी ठरली की शनिवारच्या खिचडीत आमची मेथी पडणार. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना मी तसा शब्दच देऊन बसलो. बाजारातून आणू नका, असं वर ऐटीत सांगितलंही.

वाफा एकच, त्याला अध्यक्ष एक पुरे होता. निवडणूक लावली. वर्गात पोरं चौदा, उभी राहिली सात आणि प्रत्येकाला मतं पडली दोन: एक स्वतःचं, एक बाकावरच्या जोडीदाराचं. मी वैतागून सातही जणांना अध्यक्ष केलं. पुढचे कितीतरी दिवस सत्कारात गेले. एकच नारळ सातही हातांतून फिरला. मेथी आपली आपण उगवली, कुणाचंही भाषण न ऐकता.

शेवटी मी चिडलो. जो स्वतः पाणी घालतो तोच खरा अध्यक्ष, असं ठणकावून सांगितलं. नेमका शुक्रवारी आठ दिवसांनी नळ आला. आमच्याकडे नळ आला की घरात साठवलेलं पाणी लगेच शिळं ठरतं आणि पिंप रिकामं करायची घाई सुटते. सात घरांचं शिळं पाणी घागरी, बादल्या घेऊन आमच्या वाफ्यावर आलं. एका अध्यक्षाने तर हातगाड्यावर पिंपच आणलं. ज्या गावात पाण्यावरून शेजाऱ्यांचा अबोला होतो, तिथे माझी मेथी बुडून मेली.

मावशी टोपली घेऊन मेथी न्यायला आल्या. चिखलाकडे बघत राहिल्या.

"सर, आता बास करा म्हनायला ह्येंच्यात कोन होतं?"

पोरांनी माझ्याकडे बघितलं. मी होतो की. पण मी ग्रुपवर टाकायला फोटो काढत होतो आणि प्रत्येक बादलीला जरा थांब, इकडं बघ, म्हणत होतो. मला भयंकर लाज वाटली. मावशींना दिलेला शब्द माझ्याच हाताने पाण्यात गेला होता.

"बिनमेथीची शिजवते उद्या," त्या म्हणाल्या. मग माझा फोन मागून घेतला आणि हातात खुरपं दिलं.

मी उकिडवा बसून पाणी काढून द्यायला चर खणू लागलो. भोवती सातही अध्यक्ष कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि जरा खोल घ्या, सर, तिकडून घ्या, असे हुकूम सोडू लागले. नेतृत्व चांगलंच शिकले होते.