सासऱ्यांच्या गालावरची वाळूमाशी

माझे सासरे रेल्वेत टीसी होते. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी समोरचा माणूस खरं बोलतोय की थापा मारतोय हे आपल्याला नजरेवरून कळतं, असा त्यांचा ठाम विश्वास. हा विश्वास त्यांनी माणसांपुरता ठेवला असता तर काही बिघडलं नसतं. पण तसाच ठाम विश्वास त्यांना डासांबद्दलही होता.

"मले डास चावत नाही. माह्यं रक्त कडू हाय," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. नागपूर सुटलं तरी नागपुरी बोली त्यांनी सोडली नाही, तशीच ही समजूतही.

नवराही रेल्वेतच, त्यामुळे आमची बदली ठरलेली. सासूबाई गेल्यावर बाबा आमच्याबरोबर राहायला आले तेव्हा आम्ही बीकानेरला होतो. क्वार्टर जुनं. मागे लहानसं अंगण, त्याच्या भिंतीला भेगा, आणि भिंतीच्या बुडाशी उंदरांनी केलेली बिळं. उन्हाळ्यात आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि लेक, कूलरसमोर दाटीवाटीनं झोपायचो. बाबा मात्र अंगणात बाज टाकून नुसत्या बनियनवर. मी मच्छरदाणी बांधून द्यायचे. सकाळी बघावं तर तिची व्यवस्थित घडी करून उशाखाली ठेवलेली.

"मी काय नवरी हाय का, जाळीआड बसाले?" वर आम्हालाच ऐकवायचे, "तुमी लोक कूलरमध्ये भाजी ठेवल्यासारखे झोपता."

त्या पावसाळ्यानंतर आमची जयपूरला बदली झाली. प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं. लेकीला डॉक्टरकीच्या परीक्षेची कोचिंग जवळ, मला भाजीबाजार जवळ आणि बाबांना समोरच बाग. बागेतल्या निवृत्त मंडळींच्या पत्त्यांच्या अड्ड्यात ते पहिल्याच आठवड्यात शिरले. सगळे राजस्थानी, हे एकटेच नागपूरचे. पण बाबांची हिंदी एवढी बिनधास्त की ती चुकली तर समोरच्यालाच आपली हिंदी तपासावीशी वाटे.

दिवाळीनंतर त्यांच्या डाव्या गालावर, मिशीचं टोक जिथं संपतं तिथं, एक पुटकुळी आली. कोणी लक्ष दिलं नाही. पुटकुळीनंही घाई केली नाही. हळूहळू वाढत ती रुपयाएवढी झाली. कडा उंच, मध्ये खपली, आणि खपली निघाली की आत ओलं.

"दुखते का?" मी विचारायचे.

"नाही ना! दुखत नाही तर आजार कायचा?"

मग उपचार सुरू झाले. हळद झाली, कडुलिंबाचा पाला झाला, एकदा टूथपेस्टही झाली. त्या दिवशी ते गालाला पुदिन्याचा वास मारत जेवायला बसले. बागेतल्या मंडळींत जितके पत्ते खेळणारे तितके वैद्य. एकानं मुलतानी माती सांगितली, दुसऱ्यानं उंटिणीचं दूध. बाबांनी दुधाची चौकशीही करून पाहिली. नवरा रोज संध्याकाळी घरी आला की एकदा म्हणे, "बाबा, दाखवून या," आणि मग मोबाइल बघत बसे. लेक भिंग घेऊन जवळ गेली. "आजोबा, मतलब, हे इन्फेक्शन आहे."

"तू आधी पास हो. मग सांग," बाबा म्हणाले.

असा हिवाळा सरत आला. मग बाबा बागेतून लवकर परतू लागले.

"आज डाव लवकर संपला?"

"हाव," एवढंच. पुढे बोलणं नाही. आमच्या घरात बाबांचं एका शब्दात उत्तर म्हणजे काहीतरी मोठंच बिघडलंय.

एका दुपारी मी भाजी आणायला निघाले ती मुद्दाम बागेतून गेले. नेहमीच्या बाकावर चौघांचा डाव रंगला होता. बाबा शेजारच्या बाकावर एकटे, पत्ते नसलेले हात मांडीवर ठेवून. चहावाला आला. चौघांना काचेचे ग्लास, बाबांना कागदी कप. त्यांनी तो घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिले, प्यायले नाहीत.

मला बघून त्यांतले एक गृहस्थ उठून आले. बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला फार मऊ. "बहूजी, हम तो कुछ नहीं मानते. पर घर में पोते-पोतियाँ हैं…" ते पुढे काय म्हणाले ते मी ऐकलंच नाही. मी बाबांना म्हटलं, "चला घरी. आणि उद्या आपण दवाखान्यात जातोय."

ते भांडले नाहीत. काडीचाही विरोध न करता उठले आणि माझ्या हातातली भाजीची पिशवी घेऊन चालू लागले. खरं सांगते, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

सरकारी दवाखान्याच्या त्वचारोग विभागात आमचा नंबर लागला तोवर बाबांनी रांग मोडणाऱ्या दोघांना पकडून मागे धाडलं होतं. डॉक्टर तरुण बाई होत्या, सकाळपासून थकलेल्या. त्यांनी गाल पाहिला, कडा बोटानं दाबल्या आणि एकदम विचारलं, "जयपूरच्या आधी कुठं राहत होतात?"

"बीकानेर."

त्या खुर्चीत सरळ बसल्या. "रात्री झोपायचात कुठं?"

बाबांना हा प्रश्न आवडला. "अंगणात. उघड्यावर. मच्छरदाणीबिच्छरदाणी काही नाही." आपल्या धाडसाला पदक मिळणार अशा थाटात त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनी फोडाच्या कडेतून थोडंसं खरवडून काचपट्टीवर घेतलं आणि आम्हाला दुपारपर्यंत थांबवलं. बाबा बाहेरच्या बाकावर इतके गप्प बसले होते की शेजारच्या बाईनं मला हळूच विचारलं, यांना ऐकू येत नाही का?

दुपारी डॉक्टरांनी आत बोलावलं. म्हणाल्या, "बाबाजी, तुम्हाला बालू मक्खी चावली आहे. काही महिन्यांपूर्वीच, बीकानेरला. तिच्या पोटात एक परजीवी असतो. ती रक्त प्यायला बसते तेव्हा तो कातडीत उतरतो. मग सावकाश, कधी कधी कित्येक महिन्यांनी, असा फोड येतो."

"कॅन्सर नाही?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"कुष्ठ?"

"नाही. आणि हा हात लावल्यानं, एका ताटात जेवल्यानं कुणाला होत नाही."

बाबांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मीही खिडकीकडे बघत बसले. मग त्यांनी घसा साफ केला, आणि आमचे नेहमीचे बाबा परत आले. "पण डॉक्टरनीजी, बालू मक्खी तर मी कधी पाहिलीच नाही!"

"दिसत नाहीच ती सहसा. डासाहूनही लहान असते. भुणभुण करत नाही. दिवसा भिंतीच्या भेगांत, उंदरांच्या बिळांत बसते, अंधार पडला की बाहेर येते. उंच उडत नाही, टुणटुण उड्या मारत जाते. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतूनही आत शिरते. तिच्यासाठी बारीक जाळीची, औषध लावलेली लागते."

हे शेवटचं वाक्य ऐकून बाबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. "बघ! तुही मच्छरदाणी काहीच कामाची नव्हती."

"हो बाबा," मी म्हटलं, "पण तुमचं रक्त कडू आहे हे त्या माशीला कुणी सांगितलं नव्हतं वाटतं."

डॉक्टरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकातूनही बघू दिलं. एक डोळा मिटून, ओठ आवळून बाबा बराच वेळ वाकून राहिले. मलाही पाहायला मिळालं: फिकट पेशींत जांभळे ठिपके, कुणी पेन झटकावं तसे. "एवढेसे?" ते म्हणाले. "माशीच्या पोटात बसून आले, म्हणजे बिनातिकीटच की!" दिवसभर न हसलेल्या डॉक्टर तेव्हा हसल्या.

रिक्षात बसल्यावर बाबा बाहेर बघत बोलले, "माह्या मोठ्या भावाले गालावर असंच झालं होतं. आतून सुरू झालं न् बाहेर आलं. शेवटी शेवटी त्याले पाणी गिळता येत नव्हतं. मले वाटलं, माही पाळी आली."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत?"

"पोरीची परीक्षा हाय ना. सांगून काय, सगळ्यांनी मिळून रडाचं?"

एवढे दिवस हळद, टूथपेस्ट, उंटिणीच्या दुधाची चौकशी असं सगळं करणारा हा माणूस डॉक्टरकडे का जात नव्हता, ते मला त्या रिक्षात कळलं. सांगानेरचा सिग्नल येईपर्यंत आम्ही दोघंही समोरच्या बसची पाठ बघत होतो. मग मीच म्हटलं, "म्हणजे बाबा, माशी चावली म्हणून तुम्ही आज खूश आहात?"

"लय खूश," ते म्हणाले. रिक्षावाल्यालाही सांगितलं. त्याला काय समजलं कोण जाणे, पण त्यानं अभिनंदन केलं.

इलाज म्हणजे फोडाच्या कडांतच इंजेक्शनं, अनेक आठवडे. आणि त्यासाठी मिशी उतरवायची. बाबांनी घासाघीस करून पाहिली: अर्धीच काढली तर? डॉक्टर म्हणाल्या, चालेल. मग अर्ध्या मिशीनं आरशात पाहून त्यांनी स्वतःच उरलेली काढली. नवरा कामावरून आला आणि दारातच थबकला. त्यानं जन्मात वडिलांचा वरचा ओठ पाहिला नव्हता. लेक ओरडली, "आजोबा, तुम्ही मतलब एकदम पप्पांसारखे दिसता!" दोघेही बापलेक सारखेच नाराज झाले.

प्रत्येक इंजेक्शनला मी बरोबर जायचे. सुई टोचली की ते माझं मनगट धरत. बाहेर आल्यावर, "काही नाही, मुंगी चावल्यासारखं." माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ असायचे. मी बांगड्या पुढे सरकवायचे.

निदान झालं त्याच आठवड्यात ते बागेत गेले आणि चौघांना उभ्या उभ्या वाळूमाशीवर व्याख्यान दिलं. मऊ बोलणाऱ्या गृहस्थांनी लगेच हात जोडले, सरकून जागा केली. बाबा बसले, पत्ते घेतले. माफ केलं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "माफ केलं. पण त्याच्या पानाले मी आता पान देत नाही." होळीपर्यंत ते गृहस्थ हरत राहिले.

फोड उन्हाळ्यात भरून आला. तिथं आता खोलगट, चकचकीत व्रण आहे.

इंजेक्शनं चालू होती त्याच काळात बाबांना एक सुचलं जे आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. त्यांनी बीकानेरला फोन लावला. आमच्यानंतर त्या क्वार्टरमध्ये एक जोधपूरकडचं कुटुंब आलं होतं. बाबांनी आधी रामराम, मग हवापाणी आणि मग टीसीच्या आवाजात विचारलं, घरात कुणाला न भरणारी जखम आहे का? त्यांच्या लहान मुलीच्या कोपरावर होती. त्यांना वाटत होतं, कूलरच्या पत्र्यानं कापलंय.

बाबांनी सगळं समजावून सांगितलं, कुठं जायचं, काय सांगायचं. ते लोक गेलेही. तेच निघालं. मग त्यांनी भिंतीच्या भेगा बुजवून घेतल्या, औषध फवारून घेतलं.

तेव्हापासून बाबा अधूनमधून त्या मुलीशी फोनवर बोलतात. तिनं त्यांना पाहिलेलं नाही, त्यांनीही तिला नाही. एकदा मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. बाबांना आपण एकटेच आहोत असं वाटत असावं.

"आज सुई लगी? … दुखा? … रोई क्या? … अच्छा, नहीं रोई!" मग जरा थांबून, आवाज खाली करून ते म्हणाले, "बेटा, मैं तो रोया था."