तानाबाई मातीत बसली

सांगोल्याकडच्या धुळा धनगराची लेक तानाबाई मेंढरांमागं चालून आणि अंगावर आलेला एडका शिंगाला धरून आडवा पाडून तयार झाली होती. डाव बापानं शिकवले. तिला ध्यास एकच, जत्रेत चारचौघांसमोर नावाजलेल्या गड्याशी निकाली कुस्ती करायची. गडी मात्र ऐनवेळी माघार घेत. कुणाचं पोट दुखे, कुणाची आजी नेमकी त्याच दिवशी मरे.

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून एक-दोन वर्षं झाली असतील. शहराबाहेरच्या एका जत्रेत निंगप्पा पैलवान तिच्याशी लढायला तयार झाला. तयार कसला, दोस्तांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवला होता. तानाबाईनं कासोटा आवळला, आखाड्यात उतरून माती कपाळाला लावली. तिचे दंड बघून निंगप्पाच्या मिशीचा पीळ उतरला. तो पंचाच्या कानाला लागला.

पंच सिद्धाप्पानं बेलभंडारा मागवला. "बाई, हेच्यावर हात ठिव आन सांग, तुला कावळा शिवल्याला न्हाय."

नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात ते हे.

कावळा तिला कालच शिवला होता. धनगरांच्या तळावर त्यासाठी कुणी बाजूला बसत नाही. तळ हलला की बिऱ्हाड घोड्यावर कोण लादणार? दुखऱ्या कंबरेनंच ती इथवर चालत आली होती. नुसतं 'न्हाय' म्हटलं असतं तर कुस्ती मिळत होती. पण कुळदेव बिरोबाच्या भंडाऱ्यावर हात ठेवून खोटं बोलायला तिची जीभ रेटेना.

"शिवलाय की," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "कंबार माजी दुखतीया, घाम निंगप्पाला का सुटलाय?"

एकच गलका उठला. माती बाटली! बाईला बाहेर काढा! निंगप्पाच्या जिवात जीव आला, तो लगेच मांडीवर थाप मारून बढाया मारायला लागला.

तानाबाईनं मातीतच मांडी घातली. "काढा की. कोन काढतंय?"

तेव्हा त्या शूरांची अक्कल उघडी पडली. हात लावावा तर विटाळ, आणि विटाळ झाला की आखाड्यात पाय ठेवता येणार नाही. छाती फुगवून आलेले एवढे पैलवान कडेला हाताची घडी घालून उभे! लाज कशी ती नाही.

"निंगप्पाला धाडा," ती म्हणाली. "मला उचलून दावू द्या. तीच कुस्ती. मागनं तळ्यात अंगूळ कर म्हनावं."

निंगप्पा मागं सरकत सरकत गर्दीत शिरला.

दिवस कलला तरी एक कुस्ती लागली नाही. शेवटी सिद्धाप्पानं हात जोडले. "बाई, ह्यो मानाचा फेटा घे. जितलीस म्हन, पन ऊठ."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जिच्यासाठी एवढी वर्षं अंग कमावलं, ती कुस्ती आज मिळणार नव्हती, आणि असल्या भेकडांच्या मुलखात ती कधीच मिळायची नाही, हे तिला कळून चुकलं. न लढता जिंकण्याची तिला किळस आली. ती उठली, अंगाची माती झटकली.

"मला नगं," ती म्हणाली. "निंगप्पाला द्या. तोंड झाकाया हुईल."